स्पेन्सर कार्बाइन विकणारा 'गेटिसबर्गची आहे' म्हणतोय, घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियातल्या एका अँटिक शोमध्ये १८६० मॉडेलची स्पेन्सर कार्बाइन (घोडदळाची आखूड नळीची बंदूक) बघितली, विकणारा ती अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईतली म्हणून जास्त पैसे मागतोय, आणि पुढेमागे ती नागपूरच्या घरी भिंतीवर लावायचा विचार आहे.

गेटिसबर्गची तर सरळ सरळ थाप आहे. लढाई झाली १ ते ३ जुलै १८६३ ला आणि या कार्बाइन लष्कराला मिळायला लागल्या त्याच वर्षी ऑक्टोबरात. तिथे उत्तरेकडच्या सैन्यातल्या जनरल कस्टरच्या मिशिगनवाल्या घोडदळात स्पेन्सर होत्या हे खरंय, पण त्या लांब नळीच्या रायफली, कार्बाइन नव्हे. त्यामुळे गोष्टीचे पैसे वजा करून भाव करा.

आता वस्तू बघा. नळी टेपने मोजा, युद्धकाळातली कार्बाइन असेल तर २२ इंच, २० इंच भरली तर ते १८६५ चं मॉडेल. मग ट्रिगरच्या पुढे, लिव्हरच्या (ट्रिगरभोवतीची कडी, जी खाली ओढून काडतूस भरतात) आत, एक छोटी फिरणारी पट्टी दिसते का बघा, तिला स्टेबलर कट-ऑफ म्हणतात, ती फिरवली की लिव्हर पूर्ण खाली येत नाही आणि एकेकच काडतूस हाताने भरावं लागतं. १८६० मॉडेलवर ती असेल तर युद्धानंतर स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात बंदुकीची डागडुजी झालीय. ते वाईट नाही, फक्त 'जशी युद्धातून आली तशी' म्हणून कोणी विकत असेल तर त्याला हसून विचारा. दस्त्याच्या डाव्या बाजूला इन्स्पेक्टरचा शिक्का असतो, लाकूड घासून चकाचक केलेलं असेल तर तो पुसट झालेला किंवा गायबच असतो, आणि किंमत तिथेच पडते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागची मॅगझिन ट्यूब. बटप्लेटमधून (दस्त्याच्या मागच्या टोकाची धातूची पट्टी) फिरवून बाहेर ओढायची, आत ७ काडतुसं बसतात आणि स्प्रिंग त्यांना पुढे ढकलते. मी माझी पहिली स्पेन्सर घेतली तेव्हा बाहेरूनच बघून खूश झालो, घरी येऊन ट्यूब ओढली तर कुठल्यातरी रिप्रॉडक्शनची, नवीकोरी चमचमीत, आणि विकणाऱ्याने फोनच उचलला नाही. तुम्ही तिथेच ओढून बघा, लाजू नका. लिव्हर खाली करण्याआधी घोडा (म्हणजे हॅमर, ट्रिगर नव्हे) अर्धा चढवा, नाहीतर फायरिंग पिनवर ताण येतो. आणि हो, लिव्हर मारली की गोळी चेंबरमध्ये जाते पण घोडा काही आपोआप चढत नाही, तो दर वेळी अंगठ्याने चढवायचा, त्यामुळे 'बिघडलीय' समजून भाव पाडू नका!

नागपूरचं मात्र विसरा. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरतात (राज्याचे नियम वेगळे असू शकतात, बघून घ्या), पण आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. चालू स्थितीतली स्पेन्सर त्यात बसत नाही, कस्टम्सवाल्याला "काका, अँटिक आहे हो" सांगून काही होणार नाही. तिकडेच भिंत शोधा.