बी.ए.ला इतिहास आणि सोबत रसायनशास्त्र: झेपेल का?

इतिहास मुख्य विषय घेऊन बी.ए.ला प्रवेश घेतला आहे, दहावीनंतर शास्त्र सुटले आहे, पुढे गडकिल्ल्यांच्या जतनाचे काम करायचे आहे, तर पहिल्या वर्षी रसायनशास्त्र झेपेल का, असा तुमचा प्रश्न आहे. प्रथम वर्षाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे, की जरूर घ्या. मात्र नेमका कोणता पेपर घेत आहात हे आधी पाहा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचा ऐच्छिक) विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो, त्यामुळे तुम्हाला ही वाट रीतसर खुली आहे. पण दोन क्रेडिटचा थिअरीचा पेपर ३० तासांत संपतो आणि रोजच्या वापरातल्या रसायनांची ओळख करून देणाऱ्या पेपरात आकडेमोड फारशी नसते. तुमच्या कामाला तेवढे पुरणार नाही. प्रात्यक्षिक असलेला पेपर मिळत असेल, तर विभागप्रमुखांना भेटून तोच मागा.

विद्यार्थी अडखळतात ते पाठांतरात नव्हे, तर मोलच्या, म्हणजे पदार्थातल्या कणांची संख्या मोजण्याच्या एककाच्या, हिशेबात. गडावर चुन्याची घाणी तुम्ही पाहिली असेलच. त्या चुन्यासाठी भट्टीत चुनखडी भाजत, तेव्हा १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीत भरला, की हवेतला तोच वायू शोषून वर्षानुवर्षे घट्ट होत राहतो. कॅल्शियम ४०, कार्बन १२ आणि ऑक्सिजन १६ एवढ्या अणुवस्तुमानांवरून हे तिन्ही आकडे तुम्हाला स्वतः काढता आले, तर निम्मा अभ्यासक्रम हाती आला असे मी मानतो.

मराठी माध्यमातून आला असाल, तर शब्दांकडेही लक्ष द्या. शाळेत ‘क्षार’ म्हणजे सॉल्ट आणि ‘आम्लारी’ म्हणजे बेस. वर्गात इंग्रजी शब्द कानावर पडले की या दोहोंची गल्लत हमखास होते.

प्रयोगशाळेची भीती नको. ऑक्झॅलिक आम्लात फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापननळीतून) सोडियम हायड्रॉक्साइड सोडताना नवखा विद्यार्थी तोटी मोकळी सोडतो आणि फ्लास्क गडद गुलाबी करून बसतो, पण तो गडद रंग म्हणजे अंतिम बिंदू, अर्थात आम्ल संपल्याची खूण, केव्हाच मागे पडला. पायलट रीडिंग (अंदाजासाठीचे पहिले मोजमाप) घेऊन ठेवा, त्याच्या जवळ आल्यावर एकेक थेंब सोडा आणि फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. जर्नल त्याच दिवशी लिहा.

वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे काढून बालभारतीच्या नववीच्या पुस्तकातले ‘द्रव्याचे मोजमाप’ आणि दहावीतले ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हे दोन पाठ उदाहरणांसह वहीत सोडवा.