गरम कुणाला लागतात, तुम्हाला की हात लावणाऱ्याला?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, थर्मामीटर ९८.४च दाखवतो, तरी हात-पाय कायम तापलेले. कुणाशी हात मिळवला की समोरचा विचारतो, ‘ताप आहे का?’ आणि रात्री पाय पांघरुणाबाहेर काढल्याशिवाय झोप लागत नाही. कारण काय असावं?

मी डॉक्टर नाही. भांडुपला राहते, पन्नाशी जवळ आलीय आणि या तळपायांपायी दीड-दोन वर्षं घालवलीत. डॉक्टरांनी मला सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो प्रश्न शेवटी आमच्या घरातच सुटला. तोच मी शीर्षकात घातलाय.

माझं असं व्हायचं की दिवसा कामाच्या रगाड्यात काही कळायचं नाही, पण रात्री दिवा मालवला की तळपायांची आग सुरू. मी उठून गार फरशीवर पाय टेकवून बसायचे. सासूबाईंनी लगेच सांगितलं, कडकी आहे. मग सब्जा झाला, धण्या-जिऱ्याचं पाणी झालं, रोज रात्री काशाची वाटी आणि तूप झालं. तूप काळं पडलं की त्या खुशीत म्हणायच्या, ‘बघ, उष्णता निघतेय.’ (मी गुपचूप मुलाच्या तळव्यावर घासून पाहिलं. त्याला काहीही होत नव्हतं, तरी तूप काळंच. काशाचा धातू तुपात उतरतो, दुसरं काही नाही. मालिशमुळे बरं मात्र वाटतं, ते खोटं नाही.) मला स्वतःला वाटत होतं की पाळी जायचं वय आलं, त्याचेच हे चटके.

एका रात्री मी वैतागून म्हटलं, ‘अहो, हात लावून बघा, निखारे झालेत नुसते.’ यांनी हात लावला. ‘अगं, थंडगार आहेत की!’

ही गोष्ट डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी चिमट्यासारखा दिसणारा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला. मला काहीच जाणवलं नाही. म्हणजे पाय गरम नव्हतेच, नसा खोटी बातमी देत होत्या. तपासणीत बी-१२ निघालं ११८. साधारण २००च्या खाली कमी धरतात. हे जीवनसत्त्व मिळतं ते मासे-मटण, अंडी, दुधातून. आमच्या घरात माळ आहे, मासे-मटण तर सोडाच, अंडंही नाही, आणि दूध पोटात जातं ते चहापुरतं. त्यात शुगरसाठी सहा वर्षं मेटफॉर्मिन. ते बरीच वर्षं घेतलं तर बी-१२ कमी होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं. शुगरनेही नसा बिघडतात, त्यामुळे दोष दोघांत कसा वाटायचा कोण जाणे. इंजेक्शनं सुरू झाल्यावर आग ओसरायला चार महिने लागले. डाव्या अंगठ्याला मुंग्या अजून येतात.

तुमचं उलटं दिसतंय. तुमचे हात दुसऱ्यालाही गरम लागतात, म्हणजे तिथे खरंच जास्त रक्त येतंय. तळहात-तळपायांच्या कातडीखाली धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. त्या उघडल्या की गरम रक्त कातडीपाशी येतं आणि शरीर उष्णता बाहेर टाकतं. झोपेच्या आधी तर हे होतंच, आतलं तापमान जरा खाली आल्याशिवाय झोप लागत नाही. त्यामुळे पाय पांघरुणाबाहेर काढण्याची काळजी करू नका. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तेव्हा हे जास्तच जाणवतं. काहींची ठेवणच अशी असते आणि आजार काही नसतो.

तरी थायरॉइड तपासाच. तो जास्त काम करत असेल तर हात गरम आणि ओलसर राहतात. टेन्शनने घाम फुटलेले हात बहुधा ओले पण गार असतात, हा फरक आमच्या डॉक्टरांनीच सांगितला. घरी एक करून बघा. दोन्ही हात समोर ताठ धरा, बोटं पसरा आणि वर वहीचा सुटा कागद ठेवायला सांगा. कागद बारीक थरथरत राहिला, भूक चांगली असून वजन उतरत असेल, बसल्या जागी छाती धडधडत असेल, तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) लांबणीवर टाकू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे थायरॉइड वाढल्यासारखा खोटा रिपोर्ट येतो.

औषधंही आठवून बघा. बीपीची अॅम्लोडिपिन किंवा नायसिन असलेली सप्लिमेंट घेतली की कातडी तापते. दारूनेही तापते. पावसाळ्यात दिवसभर ओले बूट घालून बोटांच्या बेचक्यात खाज-आग असेल तर ते फंगस, त्याला मलम लागतं. पाय अधूनमधून लालबुंद होऊन भाजल्यासारखे दुखत असतील आणि गारव्यानेच बरं वाटत असेल, तर एरिथ्रोमेलाल्जिया नावाचा दुर्मीळ प्रकार असू शकतो. त्यात कधीकधी रक्तातल्या प्लेटलेट्स वाढलेल्या असतात, म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करायला सांगतात. पण बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसू नका, कातडी मरते.

आणि ‘बी-कॉम्प्लेक्स घे, उतरेल’ हा शेजारचा सल्ला. तो अगदीच हवेतून आलेला नाही. पाय जळण्याचा एक प्रकार १९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी सविस्तर मांडला, त्याला आजही ग्रिअर्सन-गोपालन सिंड्रोम म्हणतात, आणि तो निकस आहाराशी, बी गटातल्या जीवनसत्त्वांच्या कमतरतेशी जोडलेला आहे. पण न तपासता वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या तर त्यातल्या बी-६चा अतिरेक होऊन नसाच बिघडतात. म्हणजे मूळ दुखण्यासारखंच दुखणं विकत घेतल्यासारखं.

तेव्हा टीएसएच, सीबीसी, बी-१२ आणि उपाशीपोटीची शुगर (सोबत तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, ६.५ किंवा वर आली तर मधुमेह धरतात) एवढं एकदाच करून रिपोर्ट फॅमिली डॉक्टरांना दाखवा. फक्त एकच पाय गरम, लाल आणि सुजलेला असेल तर मात्र रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी जा. जंतुसंसर्ग किंवा शिरेत गुठळी असू शकते.

माझी अंगारकीला दादर स्टेशनपासून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी जायची सवय डॉक्टरांनी बंद केली. तापलेल्या डांबराने पाय भाजला तरी मला कळणार नाही म्हणाले. आता चप्पल घालून जाते आणि दारात काढते. सासूबाई अजून नाराज आहेत.

कागदाचं करून बघितलंत की थरथरला का ते खाली लिहा.