लिलावाच्या वेळी डेटाबेस अडकतो आणि सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो. लॉग फाइल मोठी करू की छोटी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पिंपळगावला कांद्याची आडत आहे, हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर झॅम्प (XAMPP) या पॅकेजमधल्या मारियाडीबी या डेटाबेसवर चालतं, पीसीला ८ जीबी रॅम आहे. लिलाव जोरात असला की सगळ्या काउंटरवरच्या स्क्रीन अर्धा-एक मिनिट जागच्या हलत नाहीत. शिवाय सकाळी, किंवा लाइट जाऊन आल्यावर, डेटाबेस उठायला दहा-पंधरा मिनिटं घेतो. एकजण म्हणतो लॉग मोठा करा, दुसरा म्हणतो छोटा करा.

नाशिकला सातपूर-अंबडकडच्या लहान कारखान्यांचे असेच सर्व्हर मी सांभाळतो. माझ्या मते तुमची दुखणी दोन आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. लॉगच्या साइझचा संबंध पहिल्याशी आहे. दुसऱ्यासाठी तुमचा पीसी संध्याकाळी कोण आणि कसा बंद करतं ते बघायला लागेल.

आधी अडकण्याचं. तुम्ही ज्याला लॉग म्हणता तो रिडू लॉग म्हणजे रोजकीर्द, टेबलं म्हणजे खतावणी. पट्टी सेव्ह केली की नोंद आधी रोजकीर्दीत पडते, खतावणीत ती सवडीने चढते. ही रोजकीर्द ठरावीक पानांची असते आणि तीच पानं पुन्हा पुन्हा वापरली जातात. पण जुन्या नोंदी खतावणीत चढल्याशिवाय पान मोकळं होत नाही. पानं संपत आली की सर्व्हर नव्या नोंदी थांबवतो आणि आधी जुन्या चढवत बसतो. तुमची स्क्रीन तेव्हाच गोठते.

आता झॅम्पची माय डॉट आयएनआय फाइल उघडा. हात लावला नसेल तर 'इनोडीबी लॉग फाइल साइझ' ५ एमबी दिसेल (इनोडीबी म्हणजे डेटाबेसचा टेबलं सांभाळणारा भाग). अशा फाइली दोन, म्हणजे सगळा मिळून १० एमबी. त्याच्या जवळच 'इनोडीबी बफर पूल साइझ', म्हणजे टेबलांची पानं ठेवायला राखलेली रॅम, १६ एमबी असेल. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याच्या लॅपटॉपला हे ठीक आहे, चालत्या आडतीला नाही. आणि नुसता लॉग वाढवून भागणार नाही. खतावणीची बदललेली पानं डिस्कवर लिहिली जाईपर्यंत बफर पूलमध्येच थांबतात; तो १६ एमबीचा असेल तर पानं लगोलग डिस्कवर ढकलावीच लागतात, लॉग कितीही मोठा असो. म्हणून आधी पूल २ जीबी करा. त्या पीसीवर बाकी जड काही चालत नसेल तर एवढा सहज पेलतो.

लॉग किती हवा, ते अंदाजाने ठरवू नका. लिलाव भरात असताना 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' ही कमांड चालवा आणि त्यातला लॉग सिक्वेन्स नंबर लिहून घ्या. तासाभराने पुन्हा बघा. दोन्हींचा फरक म्हणजे त्या तासात लॉगमध्ये गेलेले बाइट. समजा ४० कोटी आले, म्हणजे साधारण ४०० एमबी. मग २५६ एमबीच्या दोन फाइली पुरे. त्याच ठिकाणी 'लास्ट चेकपॉइंट अ‍ॅट' असा आकडा दिसतो, म्हणजे कुठपर्यंतच्या नोंदी खतावणीत चढल्या ते. स्क्रीन गोठते त्या क्षणी सिक्वेन्स नंबर वजा चेकपॉइंट हा फरक लॉगच्या एकूण साइझला भिडायला आला असेल, तर निदान पक्कं.

बदल करताना डेटाबेस नीट बंद करा, डेटा फोल्डरची कॉपी बाजूला ठेवा, आकडे बदला, सुरू करा. नव्या साइझच्या फाइली तो स्वतः बनवतो, त्यामुळे पहिल्या वेळी जरा उशीर लागेल. जुन्या लॉग फाइली हाताने डिलीट करू नका; असले सल्ले मायएसक्यूएल (मारियाडीबी ज्यातून निघाला तो डेटाबेस) ५.५ च्या काळातले आहेत. (पुढेमागे मायएसक्यूएल ८.०.३० किंवा त्यापुढच्या व्हर्जनवर गेलात तर तिथे 'इनोडीबी रिडू लॉग कपॅसिटी' ही एकच सेटिंग आहे, मूळ आकडा १०० एमबी, आणि ती चालू सर्व्हरवर बदलता येते.)

आता सकाळचा उशीर. लॉग छोटा ठेवा हा सल्ला तर त्याहून जुन्या काळातला. तेव्हा मोठ्या लॉगची रिकव्हरी, म्हणजे डेटाबेस अचानक बंद पडल्यावर लॉगमधल्या नोंदी पुन्हा टेबलांना लावणं, खरंच रखडायची, ५.५ पासून ती बरीच सुधारली. आणि तुमचा लॉग तर आज १० एमबीचाच आहे! एवढा लॉग पुन्हा लावायला साध्या हार्डडिस्कवरही पंधरा मिनिटं लागू नयेत. डेटा फोल्डरमधली मायएसक्यूएल एरर लॉगची फाइल उघडून कुठल्या दोन ओळींच्या मध्ये वेळ गेला ते बघा. 'क्रॅश रिकव्हरी' रोज सकाळी दिसत असेल, तर डेटाबेस रोज संध्याकाळी मारला जातोय. विंडोज थेट शटडाऊन करणं किंवा टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करणं यात आणि लाइट जाण्यात डेटाबेसला काही फरक वाटत नाही. 'रोलबॅक' दिसलं तर अर्धवट राहिलेलं मोठं काम उलटवणं चालू आहे. दिवसभराची आवक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पोस्ट करणारं एखादं बटण असतं, ते दाबून कुणी कंटाळून पीसी बंद केलेला असतो. तिथे सॉफ्टवेअरवाल्याला सांगून ते काम तुकड्यांत करून घ्या. दोन्ही दिसत नसेल तर अँटिव्हायरस डेटा फोल्डर तपासत बसतो का, तेही बघा.

डेस्कटॉपवर एक बॅच फाइल करून ठेवा: मायएसक्यूएलअ‍ॅडमिनने डेटाबेस शटडाऊन, तो पूर्ण झाल्यावरच विंडोज शटडाऊन. दिवाणजींना रोज तीच दाबायला सांगा. पूल मोठा केल्यावर बंद व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेव्हा घाई नको. यूपीएस घ्याल तो पीसीचा बॅकअप धरून आणि बॅटरी उतरायच्या आत हीच फाइल आपोआप चालवेल असा घ्या.

कुणीतरी 'फ्लश लॉग अ‍ॅट ट्रान्झॅक्शन कमिट' (लॉगमधली नोंद डिस्कवर कधी पक्की करायची ती सेटिंग) १ वरून २ किंवा ० करायला सांगेलच. वेग वाढतो हे खरं, पण लाइट गेली की शेवटच्या सेकंदाभरातल्या नोंदी उडू शकतात. शेतकरी रोख घेऊन ट्रॅक्टरवर बसला आणि पट्टी सिस्टिममध्ये नाही, हे तुम्हाला परवडणारं नाही. ते १ वरच राहू द्या.