लॉगरची बॅटरी आधी बघ, मग खोका बंद कर

पुण्याहून लस मुंबई विमानतळावर पाठवायची, तर तुझं सगळं लक्ष २ ते ८ अंशांवर असणार. असायलाच हवं. पण खोक्यातल्या तापमान लॉगरमध्ये (वाटेतलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) लिथियमची बॅटरी आहे, आणि विमानात ती धोकादायक माल धरतात, हे विसरू नकोस.

लॉगर हातात घेऊन आधी बॅटरीचा प्रकार बघ. नाण्यासारखी सीआर२०३२ असेल तर ती लिथियम मेटल. त्यात लिथियम जेमतेम ०.१ ग्रॅम. धोकादायक मालाच्या कडक नियमांतून सवलतीसाठी सेलची मर्यादा १ ग्रॅमची, म्हणजे आपण खूप खाली आहोत. उपकरणात बसवलेल्या अशा नाण्यासारख्या बटन सेलला खोक्यावर लिथियमचं चिन्ह लागत नाही. चार्ज होणारा लॉगर मात्र लिथियम आयनचा. तिथे हिशोब वॅट-अवरचा, म्हणजे साठलेल्या ऊर्जेचा: मर्यादा एका सेलला २०, सेल जोडून केलेल्या बॅटरीला १००.

चार्ज होणाऱ्या लॉगरसाठी यूएन ३८.३ चाचणीचा, म्हणजे लिथियम बॅटरीच्या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा, सारांश हाताशी ठेव. उत्पादकाने तो २०२० पासून उपलब्ध करून द्यायचा आहे. खरेदीच्या दिवशीच मागून ठेव. एकदा तो हाताशी नव्हता म्हणून आमचा माल रात्रभर अडकला. बर्फाच्या पिशव्या वितळतील या काळजीने मला झोप लागली नाही. त्या खोक्याची वाट बघणारं कुणीतरी पलीकडे असतं ना!

गोठवून पाठवायच्या लशीसोबत कोरडा बर्फ (घन कार्बन डायऑक्साइड) असेल तर त्याचा क्रमांक यूएन १८४५ आणि त्याचं निव्वळ वजन किलोत बाहेर लिही. एवढ्या थंडीत साधा बटन सेल मान टाकतो, म्हणून तापमान मोजणारा प्रोब आत आणि लॉगर बाहेरच्या थरात ठेव.

शंका आली तर बुकिंगआधीच विमान कंपनीला विचार. काहींचे नियम याहून कडक असतात.