टीव्हीवरची मुलं आणि घरातला अकरा वर्षांचा पिचर

न्यू जर्सीतल्या एका मराठी आईने २०२४च्या ऑगस्टमध्ये आम्हाला विचारलेला हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. "मुलगा अकरा वर्षांचा. इथल्या लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला चेंडू टाकतो. सध्या रोज संध्याकाळी वर्ल्ड सिरीज बघतो आणि मॅच संपली की घुम्म बसतो. परवा म्हणाला, 'मी एवढासाच राहणार, सोडतो बेसबॉल.' टीव्ही बंद करू का?"

लिटल लीग वर्ल्ड सिरीज म्हणजे १० ते १२ वर्षांच्या मुलांची स्पर्धा. ती पेनसिल्वेनियातल्या साउथ विल्यम्सपोर्टला होते. २०२२पासून २० संघ असतात, १० अमेरिकेतले आणि १० बाहेरच्या देशांतले, आणि सामने देशभर टीव्हीवर दिसतात. बेसबॉल खेळणाऱ्या मुलासाठी हे दोन आठवडे सणासारखे असतात. टीव्ही बंद केला असता तर संघातल्या मुलांच्या गप्पांतून तो बाहेर पडला असता, आणि मनातली तुलना तशीच राहिली असती.

म्हणून आईला एकच काम दिलं. एका संध्याकाळी काय काय होतं, कोण काय बोलतं, ते जसंच्या तसं लिहून काढायचं.

त्या कागदात दोन गोष्टी सापडल्या. पडद्यावर खेळाडूची उंची आणि वजन झळकलं की बाबा म्हणायचे, "बघ, तुझ्याच वयाचा आहे." एका मॅचमध्ये सहा वेळा. दुसरी गोष्ट आईने जाता जाता लिहिली होती. मॅच संपल्यावर बापलेक ड्राइव्हवेवर साठसत्तर पिचेस टाकतात, रोज. आणि शेवटच्या ओळीत, "हल्ली पोळी डाव्या हाताने तोडतो."

मनाचं बोलणं तिथेच थांबवलं आणि त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून वाढत असतं. वाढीचा तो भाग मऊ असतो आणि प्रत्येक थ्रोला स्नायू त्यालाच ओढतात. विश्रांती न देता ओढत राहिलं की तो दुखावतो. दुखत असताना बर्फ लावून "आज दहाच टाक" हे चालत नाही. थ्रो पूर्ण बंद. या मुलाला डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले.

ज्या पडद्याकडे बघून हे चाललं होतं, त्याच पडद्याच्या कोपऱ्यात पिचेसचा आकडा दिसत असतो. नियम असा की ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसात ८५पेक्षा जास्त पिचेस टाकायचे नाहीत. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ला तीन, ३६ ते ५०ला दोन, २१ ते ३५ला एक. म्हणजे टीव्हीवरच्या मुलाला सक्तीची सुट्टी होती आणि आपला मुलगा रोज टाकत होता. बाबांनी हा हिशेब स्वतः कागदावर मांडला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. घरातलं पिचिंगही मोजायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग "तुझ्याच वयाचा" या वाक्याकडे वळलो. लीगचं वय ३१ ऑगस्टला धरलं जातं. त्यामुळे पडद्यावरची काही मुलं तेराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर असतात, आणि हा अकराचा. मुलगे वयात येण्याची सुरुवात साधारण नऊ ते चौदा या काळात कधीही होते, म्हणून एकाच संघात एकाचा आवाज फुटलेला आणि दुसरा त्याच्या खांद्याएवढा, असं अगदी सर्रास दिसतं. वेगाचंही तसंच. तिथे पिचर फक्त ४६ फुटांवरून टाकतो, मोठ्यांचं अंतर ६० फूट ६ इंच. म्हणून मुलाने ताशी ७० मैलांनी टाकलेला चेंडू बॅटरला मोठ्यांच्या ९२सारखा वाटतो. समालोचक हा ९२चा आकडा कौतुकाने सांगतात आणि ऐकणारा पोरगा खचतो. हे गणित आम्ही त्याच्याकडूनच करून घेतलं.

बघण्याची पद्धतही बदलली. दिवसाला एकच मॅच. बाबांनी स्वतःहून खेळाडूंवर शेरे मारायचे नाहीत. मुलाने विचारलं तर बोलायचं. मुलाने दर इनिंगला (डावाला) एकच जागा निवडायची, समजा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), आणि चेंडू येण्याआधी तो पाय कसे ठेवतो एवढंच बघायचं. त्याने होम रनचा (मैदानाबाहेर मारलेला) चेंडू न बघता कॅचरचा (बॅटरच्या मागे चेंडू झेलणाऱ्याचा) हात बघितला, तर तो त्यातलं काहीतरी उचलतो. हरलेल्या संघाच्या रडणाऱ्या चेहऱ्यांवर कॅमेरा रेंगाळतो, तेव्हा आवाज बंद करून "आत्ता त्याला काय वाटत असेल?" एवढं विचारायचं. हा मुलगा त्यावर पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलला. लीगमधल्या निवडक मुलांच्या ऑल-स्टार संघात निवड झाली नव्हती, ते जूनपासून मनात होतं.

२५ ऑगस्टची फायनल तिघांनी एकत्र पाहिली. फ्लोरिडातल्या लेक मेरीच्या संघाने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) आठव्या इनिंगमध्ये २-१ असं हरवलं. निकाल उंच मुलाच्या होम रनने लागला नाही. बंट झाला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता हलकेच थोपवला, थ्रो चुकला आणि सेकंड बेसवरचा धावपटू होम प्लेटला पोचून विजयाची धाव झाली.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी बॅट धरायला परवानगी दिली, तेव्हा त्याने बाबांना टेनिसचा चेंडू आणायला सांगितलं. ड्राइव्हवेवर खडूने दोन रेघा मारल्या आणि वीस बंट केले. बाबा खालून हलकेच चेंडू टाकत होते आणि मोठ्याने आकडे मोजत होते.