हात आधी

चि. पोरीस,
आशीर्वाद.

रात्री दीडचा तुझा मेसेज सकाळी वाचला. ‘काका, कंटाळा आलाय. काहीच करावंसं वाटत नाही. मूड आला की बसेन अभ्यासाला.’ पहिली दोन वाक्यं समजली. तिसऱ्याचा राग आला, म्हणून हे पत्र.

स्पर्धा परीक्षेची पूर्वपरीक्षा झाली, निकालाचा पत्ता नाही. मुख्यची पुस्तकं उघडायची तर कशाच्या भरवशावर, आणि नाही उघडली तर मन खातं. त्यात सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली, तिघीजणी आणि एक खिडकी. हे दिवस कसे जातात ते मला सांगू नकोस. मी काम नसलेल्या ऑफिसात नोकरी काढलेला माणूस आहे.

तारऑफिसातली माझी शेवटची वर्षं तुला कुणी सांगितली नसतील. आधी घरोघरी फोन आले, मग मोबाईल आले, आणि तारा येईनाशा झाल्या. देशातली तारसेवा अधिकृतपणे बंद झाली १५ जुलै २०१३ ला. आमच्या टेबलावरची कितीतरी आधीच संपली होती. हजेरी लावायची, पंखा लावायचा आणि सुटायची वाट बघायची. पगार चालू. बाहेरच्यांना वाटायचं, काय मजा आहे बुवा! कुणी तंबाखू मळत बसायचं, कुणी पेपरातलं शब्दकोडं पुरवून पुरवून सोडवायचं. एकजण तर दुपारभर टेबलावर डोकं ठेवून झोपायचा आणि रात्री घरी जागायचा. तुझं दुसरं काय चाललंय?

आमच्याकडे वेताच्या खुर्च्या विणायला एक अंध गृहस्थ यायचे. बोटांनी भोकं चाचपत, मोजत जायचे. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसायला लागलो. वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवायच्या, नाहीतर वाकवताना तडकतात. मग उभे पदर, मग आडवे, शेवटी तिरके. तिरक्यात एक भोक चुकलं की पुढचं सगळं उसवायचं. खुर्ची एका बैठकीत होत नाही, आणि हीच त्यातली चांगली गोष्ट. अर्धी राहिलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला पुरते. मला त्याची हौस होती असं समजू नकोस. पहिल्या दिवशी पाठ धरली, बोटं कापली, कंटाळा होता तेवढाच राहिला. नंतर तो कधी गेला ते कळलं नाही, कारण हात गुंतलेले होते.

तेव्हा हात आधी. मन मागून येतं. नाही आलं तरी खुर्ची झालेली असते.

यात माझं काही नवीन नाही. बरं वाटलं की माणूस कामाला लागेल, हा क्रम उलटा करून पाहणारे पीटर लेविन्सन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९७० च्या दशकात त्यांनी उदास माणसांच्या दिवसात आधी छोटी, आवडीची, ठरलेली कामं घालायला सुरुवात केली. नैराश्याच्या उपचारात ही रीत आज मान्य आहे. आणि नुसतं बसणं सोपं नसतं, तेही ऐक. २०१४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. माणसाला पंधरा मिनिटं एकटं बसवायचं, जवळ फक्त विजेचा झटका देणारं बटण. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःच स्वतःला झटका देऊन घेतला! दीड वाजेपर्यंत रील सरकवणारा तुझा अंगठा मला त्या बटणावरच्या बोटासारखा दिसतो. गंमत वाटते म्हणून तो चालत नाही. काहीच नसण्यापेक्षा बरं, म्हणून चालतो.

उद्या सकाळी पर्वतीवर जा. एकशे तीन पायऱ्या आहेत, तुझ्या वयाला काही नाहीत. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, आणि झोपेचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. झोप येत नाही म्हणून रात्री तळमळतेस, तिची सोय सकाळी करायची असते. मूड नसेल तर मूड नसताना जा. पायऱ्यांना काही फरक पडत नाही.

रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग तुम्ही तिघी वडापाव आणून तीन मोबाईलांसमोर बसता. या रविवारी मंडईत जा. १८८६ सालची ती दगडी इमारत तुम्ही परीक्षेत प्रश्न येईल म्हणून पाठ करता, आत जाऊन भाजी कधी घेतलीत? मेथीची जुडी घे, भाव करून घे. घरी येऊन निवड आणि निवडता निवडता आईला फोन लाव. मुली आईशी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात. हात कामात असले की जरा कमी खोटं बोलतात. मग मुगाची खिचडी टाक. भांडी तूच घास. भांडी घासून रडू आलं तरी येऊ दे, ओटा स्वच्छ झालेला असेल.

तुझी काकू म्हणते, हा माणूस स्वस्थ बसत नाही, कारण बसला तर विचार करावा लागेल. असेल. बढतीची खातेपरीक्षा मी दिली नाही. बरोबरीचे पुढे गेले, त्यांचं पेन्शनही माझ्याहून जास्त. ‘खुर्च्या विणत बसला’ हे लग्नकार्यात अजून ऐकवतात. सल आहे, नाही कशाला म्हणू? पण ती परीक्षाही मी ‘मूड लागला की देऊ’ म्हणतच घालवली. खुर्च्यांवर आळ कशाला? उलट खुर्च्या नसत्या तर मीही टेबलावर डोकं ठेवलं असतं. आजसुद्धा आळीतल्या दोन खुर्च्या माझ्या गॅलरीत पडून आहेत आणि साहेब होऊन निवृत्त झालेले ते सगळे दुपारी काय करायचं म्हणून मलाच फोन करतात. असो. तुला समजावता समजावता मी काकूशी भांडायला लागलो.

एक मात्र नीट ऐक. आठवडे उलटूनही हात उचलवत नसेल, जेवण तुटलं, जगण्यावरूनच मन उडालं, तर त्याला कंटाळा म्हणू नकोस. तिथे माझी मेथी चालत नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि मलाही तेव्हा मेसेज नको, रात्री दीडला सरळ फोन कर. काकू उठेल, उठू दे.

हे वाचून झाल्यावर लाल बदाम पाठवू नकोस. जुडी केवढ्याला पडली ते कळव.

तुझा,
काका