बारावी सायन्सनंतर नाटकाची डिग्री घ्यावी का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गाव पारोळा, बारावी सायन्सला 61 टक्के, कॉलेजच्या गॅदरिंगला दोन एकांकिका केल्या, आता नाटकात बी.ए. करायचंय. घरचे म्हणतात बी.एस्सी. कर आणि नाटक शौक म्हणून कर. डिग्रीचा खरंच काही उपयोग होतो का?

वयानं बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो. मी अमळनेरचा. नाटकाची डिग्री घेऊन पंधरा वर्षं झाली आणि तेव्हापासून नाटकावरच पोट चाललंय. पण ज्या गोष्टीसाठी डिग्री घ्यायला गेलो होतो तिच्यावर नाही. ते कसं, ते सांगतो.

घरी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा आप्पा खळ्यात होते. मान वर न करता म्हणाले, "नाटक करानी बी शाया ऱ्हास का रे?" म्हणजे, नाटक करायचीही शाळा असते का? प्रश्न रास्त होता. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात तमाशाच्या राहुट्या लागायच्या, त्यात आप्पांनीच मला खांद्यावर बसवून नेलेलं. तिथला सोंगाड्या कुठल्याही शाळेत न जाता दोन-तीन हजार माणसं हसवत होता. मग तीन वर्षं आणि होस्टेलचा खर्च कशासाठी, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

पहिल्या वर्षी वाचिकाच्या, म्हणजे आवाज आणि उच्चारांच्या, तासाला सरांनी प्रत्येकाला 'काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' म्हणायला लावलं. माझा नंबर आला आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "काये राये, गोरे राये". वर्ग लोळला. तुला कळेल, आपल्याकडे शाळेची शाया होते आणि केळीची केयी. चार महिने मी रोज सकाळी होस्टेलच्या गच्चीवर जीभ उलटी वळवून ळ घोटला. जमला एकदाचा. आणि तिसऱ्या वर्षी शेतकऱ्याची भूमिका आली, तर दिग्दर्शक म्हणाला, ग्रामीण बोल. म्हणजे कसं? तर 'आसंल, नसंल, व्हय जी'. कोल्हापूर-साताऱ्याकडचं. मराठी रंगमंचावर खेडूत म्हटला की तो तिकडचाच असतो, खान्देशातला नसतो. मी अडून बसलो. सर मध्ये पडले आणि मी तो शेतकरी अहिराणीत केला. गंमत म्हणजे, ळ शिकलो नसतो तर तो सोडताही आला नसता. आधी तो माझ्या जिभेचा नाइलाज होता, आता मी ठरवून सोडत होतो. डिग्रीनं मला अभिनयात काय दिलं, तर एवढंच.

बाकी अभ्यासक्रम पेपरांच्या नावांवरून वाटतो तेवढा रोमांचक नसतो. भरताचं नाट्यशास्त्र, रससिद्धांत, 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेला 'सीता स्वयंवर'चा खेळ, संगीत नाटक, स्तानिस्लाव्हस्की आणि ब्रेख्त या परदेशी दिग्दर्शकांचे विचार. बरंच पाठांतराचं. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्यानं इकडे फिरकू नये. भरतानं अभिनय चार प्रकारचा सांगितलाय: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. 'आहार्य' ऐकून आमच्यातल्या एकाला तो मेसचा विषय वाटला होता. खरं तर आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, नेपथ्य, थोडक्यात शरीराबाहेरून जे जे येतं ते. पण तोच बरोबर ठरला. मला पुढे जेवू आहार्यानंच घातलं, त्यातल्या दिव्यांनी.

प्रकाशयोजनेचा पेपर आम्ही टाइमपास समजायचो. प्रॅक्टिकलला सरांनी रिकाम्या स्टेजवर एकाला स्टुलावर बसवलं आणि एकच दिवा हातात घेऊन त्याच्याभोवती फिरले. समोरून मारला, तर चेहरा आधार कार्डावरच्या फोटोसारखा सपाट. डोक्यावरून मारला, तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या, माणूस आठ दिवसांचा उपाशी. खालून मारला तर भूत. मग बाजूला सरकून, साधारण पंचेचाळीस अंशांत वरून मारला आणि नाक, गाल, हनुवटी जागच्या जागी आली. मुलगा तोच, त्यानं पापणीही हलवली नव्हती. मला त्या दिवशी कळलं की आपण गॅदरिंगला जो 'अभिनय' करत होतो, त्यातला अर्धा मांडववाल्याच्या हॅलोजननं मारून टाकला होता.

आणि इथे तुझं सायन्स कामाला येतं, हे घरी मुद्दाम सांग. पंधरा अँपिअरच्या एका प्लगवर हजार वॉटचे दिवे किती लावशील? तीन. चौथा लावलास की सतरा अँपिअरच्या वर जातोस आणि ऐन क्लायमॅक्सला अंधार होतो. आमच्या वर्गातल्या आर्ट्सवाल्यांना हे गणित शिकायला एक सेमिस्टर लागलं.

आता तक्रार. माहितीपत्रकात 'सुसज्ज प्रकाश प्रयोगशाळा' छापलं होतं. प्रत्यक्षात दिवे कमी-जास्त करणाऱ्या डिमरचे सोळा चॅनेल, त्यातले पाच चालू. बाहेरून येणारे शिक्षक महिन्यातून एकदा यायचे आणि अर्धा दिवस स्वतःच्या आठवणी सांगायचे. तीन वर्षांत पूर्ण लांबीची नाटकं झाली दोन. म्हणून जिथे प्रवेश घेशील तिथे आधी जाऊन ये, आणि सरांना नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून विचार: गेल्या वर्षी किती प्रयोग झाले, स्टेज किती वाजेपर्यंत उघडं असतं, दिव्यांना तुम्हाला हात लावू देतात का. शेवटच्या प्रश्नावर ते हसले तर पुढचं कॉलेज बघ.

पर्याय म्हणशील तर जळगावला मू. जे. महाविद्यालयात नाट्यशास्त्र आहे, घरून डबा नेऊन शिकता येईल. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, ज्याला गुरुकुल म्हणतात, 1987 पासूनचं आहे. तिथे जागा मोजक्या आणि प्रवेशाला परीक्षा-मुलाखत असते. संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाचा विभाग जुना आणि नावाजलेला. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातही नाट्य विभाग आहे, नंदुरबारकडच्या मुलांना तो पुण्यापेक्षा जवळ पडतो, पण तिथे मराठीवर भागणार नाही. मुंबई विद्यापीठाची नाट्य अकॅडमी आणि दिल्लीची एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दोन्ही पदवीनंतरच्या. एनएसडीला पदवी कुठल्याही शाखेची चालते, नाटकात काम केल्याचा अनुभव मात्र लागतो. म्हणजे घरचे म्हणतात तो बी.एस्सी.चा रस्ताही बंद गल्ली नाही. जळगावच्या विद्यापीठाच्या कॉलेजात गेलास तर 'युवारंग' हा युवक महोत्सव आहे, त्यात एकांकिका, मूकनाट्य, विडंबननाट्य सगळं करता येतं. आमच्या भागातले निम्मे चांगले नट मी तिथेच पाहिलेत.

नोकरीचं सांगतो. नाटकाची बी.ए. ही शेवटी पदवीच असते, स्पर्धा परीक्षांना जिथे कुठलीही पदवी चालते तिथे ती चालते. शाळेत मास्तर व्हायचं असेल तर अडचण आहे, कारण नाटक हा शाळेत स्वतंत्र विषय म्हणून फारसा नसतो. कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए. आणि नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. सिरियलमध्ये जायचं असेल तर डिग्रीनं दार उघडत नाही. आमच्या चौदा जणांच्या वर्गातली मुंबईला सहा गेली, एक टिकली, आणि ती वर्गात कधीही पहिली आली नव्हती.

मी परत आलो. पहिल्या हिवाळ्यात एका शाळेचं गॅदरिंग बसवून दिलं, चार हजार मिळाले. मग राज्य नाट्य स्पर्धेच्या एका हौशी संघाचा लाइटवाला आदल्या दिवशी आजारी पडला आणि मला बोलावलं. सकाळी नाट्यगृह ताब्यात, संध्याकाळी प्रयोग, मधल्या वेळात दिवे टांगायचे, त्यांना जिलेटिनचे रंगीत कागद लावायचे, कुठला दिवा कधी लागणार याचे क्यू लिहायचे. रात्री संघातल्या बाईंनी पाया पडू दिलं नाही, उलट डब्यातलं भरीत माझ्या ताटात वाढलं. तेव्हापासून धुळे, जळगाव, नंदुरबार फिरतोय. डिसेंबर-जानेवारी गॅदरिंगं, स्पर्धेच्या दिवसांत दिवे, उन्हाळ्यात मुलांची शिबिरं. जून ते ऑगस्ट कडकी. ती दरवर्षी असते, अजूनही. घरी कापसाचं थोडं शेत आहे म्हणून ती निघते, हे लपवत नाही.

म्हणून मला विचारशील तर, स्टेजवर झाडू मारायला, फळ्या उचलायला आणि दुसऱ्याच्या नाटकाचे दिवे लावायला मन तयार असेल तरच डिग्री कर. फक्त समोर उभं राहायचं असेल तर बी.एस्सी. कर आणि संध्याकाळी तालमीला जा, तीन वर्षं वाचतील.

मुलाखतीला जाताना कुठल्या गाजलेल्या नाटकातलं स्वगत पाठ करून जाऊ नकोस, परीक्षकांनी ते त्याच दिवशी पाचदा ऐकलेलं असतं. पारोळ्याच्या आठवडे बाजारात दोन तास उभा राहा, एक माणूस निवड आणि तोच घेऊन जा, त्याच्याच बोलीत. आणि फॉर्म बी.एस्सी.चाही भरून ठेव. प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत घरात रोजचा चहा तरी शांतपणे पिता येईल.